सेक्रेटरीला मारायचं ठरलं

३ जून, मंगळवार

आज डेअरीत नाग सोडला. खरा नव्हे, मालिकेत. 'फॅट किती?' सुरू झाली तेव्हा त्यातल्या गावच्या डेअरीत माणसं फक्त दूध घालायला आणि भांडायला यायची. तेवढ्यावर लोक पोट धरून हसायचे! आता नाग लागतो. मागच्या महिन्यात चेअरमनचा जुळा भाऊ आणला होता. नाग त्यापेक्षा बरा, त्याला संवाद लिहावे लागत नाहीत.

चॅनेलच्या मॅडम म्हणाल्या, "सुनील, मस्त!" मी "थँक यू" म्हणालो. निर्लज्ज!

८ जून, रविवार

गावी आलो. पारनेरच्या बसमध्ये कंडक्टरनं ओळखलं. "तुमीच लिहिता ना ते? आधी लई भारी हुतं." मी खिडकीबाहेर बघत बसलो.

संध्याकाळी डेअरीत गेलो. इथंच मी दूध मोजायला मापावर बसायचो आणि आमचे सेक्रेटरी गहिनीनाथनाना दुधाची फॅट तपासायच्या मशिनवर. काय जीभ होती! एकदा गावातल्या एका आप्पांचं पातळ दूध बघून म्हणाले, "आप्पा, म्हशीला इचारून या, हे तिचंच हाय का." ते वाक्य मी गुपचूप मोबाईलवर उतरवलं. अशी शेकडो उतरवली. मालिकेतला सेक्रेटरी म्हणजे नानाच, नुसतं नाव बदललेलं. चॅनेलनं पुण्याला बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता नाना पाठ झालेत, कुठंही बसून लिहीन. वा रे पाठांतर!

पूर्वी 'फॅट किती?' लागली की माप थांबायचं. आज टीव्ही बंद.

"नाना, बघत न्हाई का आता?"

"बघतो की. रिमोट घावला की बघतो."

रिमोट मशिनवर होता. नानांच्या हाताशी.

मला नानांचं हसू परत हवंय. बाकी जगानं शिव्या घातल्या तरी चालतील! – हे खोटं. त्याही लागतात.

१३ जून, शुक्रवार

टीआरपी आला. नागाचा काही उपयोग झाला नाही. मॅडमचं नवं डोकं – सेक्रेटरीला मारायचं. हार्ट अटॅक, तोही मशिनवरच. "प्रेक्षक ढसाढसा रडला पाहिजे."

मी बाणेदारपणे सांगितलं, "हे मी कधीच लिहिणार नाही."

जेवण करून लिहायला बसलो. चहाच्या वेळेपर्यंत सेक्रेटरी गेलेला होता. लिहिताना रडलोसुद्धा! स्वतःच्या लिखाणावर रडणारा एवढा एक प्रेक्षक तरी मी टिकवलाय.

१ जुलै, मंगळवार

आज तो भाग लागला. नानांना फोन करायचं धाडस झालं नाही.

२ जुलै, बुधवार

दुपारी ओंकारचा फोन. तो आता माझ्या जागी मापावर असतो. "दादा, लई गडबड झाली."

पोरांनी हौसेनं रातोरात स्टँडवर फ्लेक्स लावला: 'आमचे लाडके सेक्रेटरी, भावपूर्ण श्रद्धांजली.' आणि फोटो? नटाचा नाही – नानांचा! गावाला माहीतच आहे खरा सेक्रेटरी कोण ते. फ्लेक्स मोबाईलवरून पाथर्डीला मालनकाकूंच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, माहेरी पोहोचला. जीप भरून माणसं आली. बायकांनी गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला. दार नानांनी उघडलं.

त्यात शेजारच्या गावच्या डेअरीनं दुखवटा म्हणून सकाळचं संकलन बंद ठेवलं. तिथली माणसं कॅन घेऊन आमच्या डेअरीत आली. मशिनवर कोण? मयत!

फोन ठेवल्यावर हसू आलं. मग वाटलं, नाना आता मला दारात उभं करणार नाहीत.

४ जुलै, शुक्रवार

गेलो. नाना ओट्यावर पाथर्डीच्या पाहुण्यांना जेवायला वाढत होते.

"ये सुन्या! माझ्या मयताला आलास व्हय? उशीर केलास. मेव्हण्यानं रडून घेतलं."

सगळे हसले. मी पाया पडलो, माफी मागितली. नाना म्हणाले, "आसू दे रे. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. वाढवलंस तू माझं."

जीव इतका हलका झाला की मी लगेच मोठेपणा मिरवायला निघालो. म्हटलं, "नाना, आनंदाची बातमी! लोक चिडलेत, चॅनेल घाबरलंय. सेक्रेटरीला परत आणतोय आपण. दवाखान्यात अदलाबदल झाली असं दाखवू."

नानांचा वाढता हात थांबला. "नको. मेला ते बरं झालं. शेवटी शेवटी लई बावळटावानी बोलायला लागला हुता."

म्हणजे नानांनी सगळं बघितलंय! एकूण एक भाग. लाज वाटली. आणि सगळं बघितलं म्हणून बरंही वाटलं. काय माणूस आहे मी!

५ जुलै, शनिवार

मालनकाकू सोडायला स्टँडपर्यंत आल्या. म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नको. तू हुतास तवर हे रोज डेअरीत जायच्या आदी आरशापुढं बोलून बघायचे. 'आज पोराला लिहायला काय देऊ' म्हनायचे. न्हाई जमलं तर मला इचारायचे. निम्मं तर माजंच हाय त्यात. तू पुन्याला गेलास आन ह्यांनी ते सोडून दिलं."

बस आली. गेली. मी चढलो नाही.