तिरक्या रेघेपुढचं सगळं

पप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो, आता पंचविशी गाठलीय. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. हजेरीवरून सरांशी वाजलं, आयकार्ड त्यांच्या टेबलावर फेकलं आणि परत गेलोच नाही. आई अजून लोकांना सांगते, "त्याचं शेवटचं वर्ष राहिलंय." सध्या माणिकपूरला एका इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात बसतो. आपल्या नंदाखालपासून अर्नाळ्यापर्यंत बऱ्याच घरांत आमचीच वायर गेलीय.

तुमचा फळा आठवतो. सायकलच्या दुकानाबाहेर टांगलेला. सकाळी ओल्या फडक्यानं कालचं पुसायचात आणि खडूनं तीन-चार ओळी लिहायचात. कुठला नळ कोरडा पडला, कोणाच्या ट्रकनं रस्ता उखडला, आणि कोणी गेलं असेल तर सगळ्यात खाली मयताची वेळ. माझं काम त्याच्या उलटं आहे. वरून सगळ्याच नेटवाल्यांना मेलवर यादी येते, या या साईट बंद करा. का, ते लिहिलेलं नसतं. 'गोपनीय' एवढं मात्र असतं. सुरुवातीला मला याचा माज होता, खोटं कशाला बोलू. कॉलेजातल्या एका मुलीचे खोटे नागडे फोटो बनवून कोणीतरी टाकले होते, ती साईट एकदा यादीत आली. ती ओळ मशिनीत टाकताना मला देव झाल्यासारखं वाटलं. खाली चहाच्या टपरीवर मी छाती काढून म्हणायचो, "घाण बंद झालीच पाहिजे." रिक्षावाले काका म्हणायचे, "घाण कुठली ते कोण ठरवणार रे, तू? उद्या माझंच तोंड घाण वाटलं तर?" मी म्हणायचो, "तुमचं तर आहेच." सगळे हसायचे.

एक रीत सांगतो, मग पुढचं कळेल. यादीत कधी अख्खी साईट असते, कधी तिच्यातलं एकच पान. पण आमच्या मशिनीला पान दिसत नाही, फक्त साईटचं नाव दिसतं. म्हणून पत्त्यातल्या तिरक्या रेघेपुढचं सगळं, म्हणजे पानाचं नाव, उडवायचं आणि अख्खी साईट अडवायची. 'एवढं एकच पान आम्हाला अडवता येत नाही, काय करू' असं उलटं विचारता येतं. पण शेठ म्हणतो, "शहाणपणा नको. कमी अडवलं तर लायसन जातं. जास्त अडवलं तर कोण विचारतंय?"

आता तिच्याबद्दल. तुम्हाला आवडली असती. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली आहे. मला 'अर्धा इंजिनियर' म्हणते, आणि ते ऐकायला मी विरारहून शेअर रिक्षानं रोज जाईन. तिच्या आजोबांना खाडीचा तळ पाठ होता. कुठं खडक, कुठं गाळ, कुठल्या भरतीला कुठं जाळं टाकायचं. ते सगळं तिनं त्यांच्या आवाजात फोनवर घेतलं होतं. थोडं, गावासाठी ती चालवते त्या साईटवर चढवलं आणि फोन खाडीत पडला, म्हणून उरलं ते फक्त साईटवर. तिथंच होड्यांच्या वेळा, वाऱ्याचा इशारा, गावातल्या मयताची खबर. आणि एक पान किनाऱ्यावर पडणाऱ्या दगडांच्या भरावाचं. फोटो, आणि परवानगी कुठाय असा प्रश्न.

त्या दिवशी सहा वाजता तिला किनाऱ्यावर भेटायचं होतं. साडेचारला यादी आली, भली लांब. मी सगळ्या ओळींतलं तिरक्या रेघेपुढचं एका फटक्यात उडवलं, मशिनीत टाकलं आणि पळालो. पोचलो तर ती सुकटीच्या मांडवाशी फोन हलवत उभी. "साईट उघडत नाय. तुमचंच नेट ना आमच्याकडं?" मी म्हणालो, "सर्व्हर डाऊन असेल." ती म्हणाली, "कुवेतला चुलतभावाला दिसतेय. फक्त आपल्यालाच नाय."

दुसऱ्या दिवशी शेठशी भांडलो. म्हटलं, पान एक मागितलंय, आपण गाव अडवलंय, काढतो मी. तो म्हणाला, "हात लावून बघ. लायसन तुझ्या बापाचं आहे का?" मी त्याची कॉलर धरली, पप्पा. धरली आणि सोडली. नोकरी गेली तर तिच्या बापासमोर कोणत्या तोंडानं जाणार, एवढंच डोक्यात आलं. प्रेमात माणूस शूर होतो म्हणतात. मी तर कारकून झालो.

मग आजोबा गेले. दहाव्याला घरच्यांना त्यांचा आवाज ऐकायचा होता. आडवाटेनं साईट उघडता येते, मी दाखवलंही. तिचा बाप म्हणाला, "नको. बंदीचं उघडलं नि पोलीस आले तर?" शेवटी कुवेतच्या भावाला फोन लावला. आवाज उतरवून पाठवणं त्याला जमेना, म्हणून त्यानं तिकडं तो चालू केला आणि आपला फोन त्याला लावून धरला. इकडं पंधरा माणसं एका फोनभोवती वाकून बसली. आजोबा चिरक्या आवाजात सांगत होते, "इथं पानी कमी, होडी सांभाल." मीही त्यांच्यात बसलो होतो. मला चहा दिला. ती दारात येऊन म्हणाली, "ज्यानं केलं ना, तो मला एकदा दिसू दे." मी म्हणालो, "मलापण."

तुमचं रागावणं तेव्हापासून डोक्यात आहे. मी चौथीत होतो. तुम्ही फळ्यावर माझ्या मित्राच्या वडिलांचं नाव लिहिलं होतं, टँकरचं पाणी चोरून विकतात म्हणून. मित्र रडला, मी ओलं फडकं घेतलं आणि अख्खा फळा पुसला. खाली मयताची वेळ होती. शेजारच्या आळीतल्या म्हातारीला तिच्या बहिणीचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. तुम्ही मारलं नाहीत. विचारलंत, "खालची ओळ वाचली नव्हतीस?" मी म्हणालो, "नाही." तुम्ही म्हणालात, "मग पुसायच्या आधी वाचत जा." मला घेऊन म्हातारीकडं गेलात, माझ्यासाठी तुम्हीच माफी मागितलीत. तिनं माझ्या हातात केळी ठेवली.

गेल्या आठवड्यात मी तिला सांगितलं. यादी येते, हुकूम असतो, आम्हाला बोलायची बंदी असते. ती माझा हात धरून म्हणाली, "तुझा काय दोष? तू कुठं वाचून टाकतोस." पान एकच मागितलं होतं, हे मी सांगितलं नाही. साईट अजून बंदच आहे.

हे कुठं टाकायचं नाही, टाकणार तरी कुठं. वहीतच राहील. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. त्या दिवशी यादीत अर्नाळा हा शब्द मला दिसला होता, तिचीच साईट, आणि रेघेपुढं फक्त भरावाचं पान. पाच वाजत आले होते, निघायचं होतं. आणि पप्पा, खालची ओळही मी वाचली होती.