भरल्या बसचं माप

३ फेब्रुवारी, सोमवार

या दोन हातांनी केलेल्या वस्तू: घरातल्या खिडक्यांच्या जाळ्या, सगळ्या. घडीची शिडी (घडी होत नाही, पण शिडी म्हणून उत्तम). सौ.च्या दुकानातलं कापड बेतायचं टेबल, उंची कमी-जास्त करता येणारं. हल्ली ती आपोआप होते, त्याकडे बघायचं आहे. लोखंडी खुर्ची, उजवीकडे न झुकल्यास आरामशीर. पाण्याच्या टाकीचं झाकण. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. ते बघताक्षणी कळतं, असं मेहुणाही म्हणतो. गल्लीत मला 'इंजिनियर' म्हणतात, आणि तेही पदवी न मागता.

रोजनिशी आजपासून. गल्ली सुधारणार आहे. सुधारली की श्रेय घ्यायला सगळे धावतील, तेव्हा तारखा हाताशी हव्यात.

सध्या निम्मे गाळे बंद. बस मोठ्या रस्त्यावरून परस्पर जाते, आणि तिथून चालत यायला गिऱ्हाईक तयार नाही. म्हणून समिती. निवृत्त हेडबाई अध्यक्ष, गल्लीतला चित्रकार, आणि मी. भिंतींवर चित्रं, बंद गोदामात संध्याकाळी गाणं-नाटक, आणि मुख्य म्हणजे गल्लीतून बस. पाच मार्चला बसखातं चाचणी घेणार. पास झालो की सौ.च्या दुकानासमोर थांबा.

रात्री जेवताना सौ. म्हणाली, थांबा झाला तर दुकान टिकेल. नाही झाला तर मार्चअखेर ती भावाच्या गाळ्यात जाणार, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं, थांबा मी आणतो. ती म्हणाली, थांबा बस आणेल, तुम्ही फक्त मध्ये येऊ नका.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कल्पना सुचली. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी कमान. वेलबुट्टी, तीत सुया, रिळं, ब्रश, आणि मधोमध एक चाक. बस खालून जाईल ती एखाद्या किल्ल्याच्या महादरवाज्यातून गेल्यासारखी.

समितीने एका छोट्या पाटीला मंजुरी दिली. पाटी कशाला तरी टांगावी लागतेच. म्हणजे तत्त्वतः कमान मंजूर.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बसचं माप घेतलं. चित्रकार म्हणाला, खात्याला फोन करून उंची विचारा की. हेच ते. लोक कागदावरच्या आकड्यावर विसंबतात. मी बांबूला इंचांच्या खुणा केल्या, वर आडवी पट्टी ठोकली आणि संध्याकाळी मोठ्या रस्त्यावरच्या थांब्यावर उभा राहिलो. संध्याकाळीच का, तर गर्दीमुळे बस तिथे बराच वेळ थांबते. घाईत घेतलेलं माप मला चालत नाही.

लोक दारात लोंबकळत होते. कंडक्टर म्हणाला, काका, चढताय की मोजताय. मी म्हटलं, मोजतोय. तो म्हणाला, मग बांबू काढा, याचं तिकीट लागेल.

टपावरच्या एसीच्या पेटीसकट साडेदहा फूट. तीन बसेस मोजल्या, तिन्ही सारख्या. याला म्हणतात शास्त्र.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कमानीची खालची पट्टी दहा फूट आठ इंचांवर. दोन इंच मोकळे. त्याहून जास्त ठेवले की प्रमाण बिघडतं, कमान तंगड्या वर केल्यासारखी दिसते.

सौ.ला नकाशा दाखवला. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून तिने विचारलं, माप कधी घेतलं. संध्याकाळी, म्हटलं. ती म्हणाली, आमच्यात माप घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारतात, जेवून आलात का. भरल्या पोटाचं माप घेतलं तर कपडा अंगावर नीट बसत नाही. तुम्ही बसला विचारलंत का?

लोखंडाला पोट नसतं, हे तिला समजावलं. शिवणकाम वेगळं, फॅब्रिकेशन वेगळं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मेहुण्याचं वेल्डिंगचं मोठं दुकान आहे. मशीन दोन आठवड्यांसाठी मागितलं. दिलं, पण म्हणाला, भाऊजी, मी माणूस पाठवू का? मी म्हटलं, माणूस मीच आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

उजव्या हाताला भाजलं. डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर त्यामुळे.

चित्रकाराच्या भिंती झाल्या. एक मासा, एक शिवणयंत्र, एक झोपलेली बाई. लोक मोठ्या रस्त्यावरून फोटो काढायला येतात आणि चालत परत जातात. कमान झाल्यावर थांबतील.

२ मार्च, रविवार

कमान उभी. पाय काँक्रीटमध्ये पुरले, आता भूकंप आला तरी हलणार नाही. हेडबाई खाली उभ्या राहून बराच वेळ वर बघत होत्या. म्हणाल्या, पाटी कुठे आहे? राहिली. नंतर लावू.

४ मार्च, मंगळवार

झोप नाही. सौ.लाही नाही. मी विचारलं, कसली काळजी. म्हणाली, काही नाही. मग उठून दुकानातल्या कापडांच्या घड्या घालत बसली. ज्या घड्या संध्याकाळीच घातल्या होत्या.

५ मार्च, बुधवार. दुपारी

बस आली. सगळी गल्ली दारात. बसमध्ये ड्रायव्हर आणि खात्याचे साहेब, बाकी रिकामी. मी कमानीच्या बाजूला उभा, हात मागे बांधून.

पेटी पट्टीला टेकली.

फार नाही, बोटभर. ड्रायव्हरने ब्रेक मारला, मागे घेतली, पुन्हा आणली, पुन्हा टेकली. मी साहेबांना म्हटलं, तुमची बस वाढली आहे. ते म्हणाले, बस रिकामी आहे, म्हणून वर उचललेली आहे. भरली की स्प्रिंगा दबतात. तुम्ही भरलेली मोजलीत का?

सौ. माझ्याकडे बघत नव्हती. ती दुकानातून बाहेर आली आणि मोठ्याने म्हणाली, चढा सगळे.

हेडबाई आधी चढल्या, पुढची सीट. मग चित्रकार, चहावाला, झेरॉक्सवाला, गोदामात तालमीला आलेली सगळी मंडळी, त्यांची बाजाची पेटी, तबले. चहावाला म्हणाला, इंजिनियर, तुम्हीपण चढा, तुमचं वजन कामाला येईल. सौ. शेवटी चढली, शिवणयंत्र दोघांकडून उचलवून. बस हळूहळू खाली बसली. ड्रायव्हरने श्वास रोखला, मला खालून काचेतून दिसलं. आणि बस कमानीखालून गेली. केसभर अंतराने.

गल्लीने टाळ्या वाजवल्या. माप बरोबर होतं, हे नोंदवून ठेवतो.

५ मार्च, रात्री

साहेबांनी जाताना बाजूला घेतलं. सभ्य माणूस. म्हणाले, पहाटेची पहिली बस रिकामीच येणार, तिच्यात रोज तबले कुठून आणायचे? कमान एक वीत उचला. खर्च खात्याचा. शिवाय नव्या मार्गावर आठ थांबे आहेत, त्यांच्या पाट्यांचे खांब तुम्हीच करा, तुमच्या पद्धतीने. सगळं मिळून एक लाख ऐंशी हजार.

सगळे ऐकत होते. मी म्हटलं, साहेब, ही काही पायजम्याची पट्टी नाही वर उचलायला. प्रमाण म्हणून काही असतं. बस बुटकी बनवा.

हेडबाईंनी डोळे मिटले. सौ.ने तोंडात टाचण्या धरल्या होत्या, शिवायला काही नसताना.

साहेब परत येतील. असं काम त्यांना दुसरीकडे मिळायचं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

साहेब आले नाहीत. फोन मी करणार नाही. आधी त्यांनी करावा.

चित्रकार घरी येऊन म्हणाला, काका, वीतभर. मी त्याला विचारलं, तुझ्या माशाची शेपटी वीतभर कापली तर चालेल का? म्हणाला, त्याने बस येत असेल तर मासाच कापा. या पिढीला कलेची कदर नाही.

१९ मार्च, बुधवार

फोन केला. फक्त त्यांची तब्येत विचारायला. साहेब म्हणाले, मार्ग मागच्या रस्त्याने मंजूर झाला. तिथे कमान नाही.

२९ मार्च, शनिवार

मागच्या रस्त्याला बस सुरू. चित्रकार तिकडच्या भिंती रंगवतो आहे. गाणं-नाटकवाल्यांनी तिकडे हॉल घेतला. हेडबाई भेटल्या. मी म्हटलं, निदान आपल्याकडे शांतता आहे. म्हणाल्या, ती आधीपासून होती.

३१ मार्च, सोमवार

दुकान हललं. टेम्पोवाल्याने विचारलं, टेबल न्यायचं? सौ.ने टेबलावर हात ठेवला, ते आपोआप खाली गेलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाली, न्या. काही म्हणजे काहीच बोलली नाही मला. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

५ एप्रिल, शनिवार

सौ. रात्री उशिरा येते, थकून. म्हणून आज तिला आणायला गेलो. मागच्या रस्त्यावरून बस धरली. उभं राहायलाही जागा नव्हती. चढताना बस माझ्या वजनाने किंचित दबली, ते पायाला जाणवलं.

थांब्यांच्या पाट्यांचे आठही खांब बघितले. सरळ, साधे, मजबूत. वेल्डिंग नीट. काम मेहुण्याला मिळालं आहे, हे त्याच्या गाळ्यावर सौ.ला आणायला गेल्यावर कळलं.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, काम वाढलंय, माझ्याकडे या. सौ. मान खाली घालून काज करत होती, पण तिची सुई थांबली. मी स्पष्ट नाकारलं. स्वतः शिकलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली राबत नाही. तो म्हणाला, सोमवारपर्यंत विचार करा. मी म्हटलं, विचार करण्यासारखं काही नाही. दुकान सकाळी किती वाजता उघडतं, एवढं फक्त विचारून ठेवलं.

नाकारलेली ऑफर: रोजंदारी, दोन वेळच्या चहासकट. रक्कम: नऊशे.