आता मुंबईचं नाव काढू नकोस

नाशिक,
जून १९३५

प्रिय नियाज,

तुझं होस्टेलवरून पत्र आलं. म्हणजे आलं अब्बांच्या नावानं, पण त्यांना मराठी अक्षर लागत नाही हे तुलाही ठाऊक आहे. तेव्हा ओसरीवर बसून मीच ते वाचून दाखवलं. निकाहानंतर पहिल्यांदाच माहेरी आलेय, आठ दिवसांसाठी. हातात तुझं पत्र पडलं तेव्हा वाटलं, चला, लेकाला बहिणीची आठवण झाली. कसलं काय! चार पानं भरून लखनौ आणि मुंबई. लखनौचा उन्हाळा कसा, मुंबईची हवा कशी, कुठले प्रोफेसर विलायतेला जाऊन आलेत, कुठल्या बी.कॉम.ला बँकेत जास्त भाव, कुठल्या खानावळीत रोटी मऊ. अब्बांच्या पेढीवर पेरू चाचपून बघतात तशा दोन्ही युनिव्हर्सिट्या चाचपून झाल्या तुझ्या. आणि एवढं करून कौल कुणाला, तर मुंबईला. का, तर तुझा कॉलेजातला दोस्त खंडेराव तिथे जातोय, मामूंचं घर डोंगरीत आहे, आणि शनिवारी गाडीत बसलं की रात्रीच्या जेवणाला नाशिक रोडवर उतरता येतं. वा रे वा!

अरे, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हेच मामू होते ना? हीच डोंगरी होती, हीच गाडी होती. तेव्हा मुंबई म्हटलं की तू अंगावर यायचास. मुंबईत सगळे बागवानाचा पोरगा म्हणूनच ओळखतील, तिथे राहून मी कधी मोठा होणार नाही, लखनौला धाडा नाहीतर शिक्षणच बंद करतो, असं म्हणून ताटावरून उठला होतास. दोन दिवस जेवला नाहीस. मी खिचडी घेऊन तुझ्या मागे मागे फिरत होते आणि तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. अब्बा बिचारे बाजारातून येऊन नुसते बसून राहायचे. लखनौत आपलं ना कुणी नात्याचं, ना ओळखीचं. परक्या गावी दोन वर्षं पोराला ठेवायचं कुठे नि कुणाच्या भरवशावर, हे त्यांना सुधरत नव्हतं. मला राग यायचा, पण तुझी बाजूही मीच घेतली. अम्मा गेल्यापासून तुझ्या सगळ्या हट्टांची वकिली मीच करत आलेय. मी मराठी सातवीची फायनल पास झाले तेव्हा मास्तरीणबाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या होत्या, हिला ट्रेनिंग कॉलेजात घाला, शिक्षिका होईल. तेव्हा कुठल्या गावचं कॉलेज बरं नि कुठल्या गावचं नको, याची चार पानं कुणी लिहिली नाहीत. असो. आता ते उगाळून काय होणार.

तू विचारलंयस, मालेगाव कसं वाटतं. शेवटच्या ओळीत विचारलंयस, पण विचारलंस तरी. मालेगाव बरं आहे. पहाटेपासून मागांची खटखट सुरू होते, ती आता कानात बसलीय, इथे नाशकात उलट झोप लागत नाही. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण पत्रात कोण ऐकतंय? रहेमान शेठ सुताचे व्यापारी, तब्येतीनं चांगले, वय अब्बांपेक्षा थोडंसंच कमी. दाढीला मेंदी लावतात. त्यांची पहिल्या बायकोची मुलगी नसीम माझ्या खांद्याला लागते आणि मला नई अम्मा म्हणताना दोघींनाही हसू येतं. घरात सगळे उर्दू बोलतात, मराठी वाचणारं कुणी नाही, म्हणून तर मनमोकळं लिहिता येतंय. बागवानाची लेक मोमिनांच्या, विणकरांच्या घरात दिली म्हणून जैतुनबी फुफी अजून आपल्या भावाशी, अब्बांशी धड बोलत नाहीत. जातीत काय स्थळं नव्हती, असं सारखं विचारतात. अब्बा म्हणतात, नशीब तिचं. तुलाही त्यांनी हेच कळवलं असेल, आपाला चांगलं स्थळ आलं म्हणून. तुझी परीक्षा चालली होती, पोराचं लक्ष उडू नये म्हणून तुला निकाहाला बोलावलंसुद्धा नाही. तूही नंतर विचारलं नाहीस, की आपा, एवढी घाई कशाची होती?

तर ऐक. हिवाळ्यात रहेमान शेठ नाशकात आले होते, अब्बांच्या ओळखीचे म्हणून आपल्याकडे उतरले. दुपारी चहा घेऊन मी पडद्यापर्यंत गेले, तर ओसरीवर फुफी सुपारी कातरत बसलेल्या, आणि पलीकडे अब्बा नि शेठ समोरासमोर, उजवे हात एकमेकांत, आणि हातांवर अब्बांचा तपकिरी रुमाल. तुला काय सांगायचं, आपण त्याच घरात वाढलो. बाजारात भाव असाच ठरतो. रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची, तोंडानं अवाक्षर काढायचं नाही. बाजूला उभा असलेल्यालाही कळत नाही सौदा काय झाला, आणि एकदा हात सुटले की तो सौदा ना कुणी उघड सांगत, ना कुणी फिरवत. मला वाटलं, बागेचा माल ठरत असेल. पण शेठ सुताचे व्यापारी, त्यांना पेरू-द्राक्षांशी काय करायचंय? संध्याकाळी अब्बा चुलीशी आले आणि म्हणाले, नियाजची लखनौची सोय झाली, शेठचे सख्खे भाऊ तिथे असतात, आपल्या लेकासारखं ठेवतील. मी आनंदानं दुवेला हात उचलले, या अल्ला, तेरा शुकर म्हटलं. आणि त्याच दमात ते म्हणाले, तुझंही ठरवून टाकलंय.

दोन गोष्टी एका दमात आल्या तरी मी त्या एकत्र जोडल्या नाहीत. जोडाव्याशा वाटल्या नसतील. लग्नानंतर एकदा जेवायला वाढताना शेठच म्हणाले, तुझ्या भावासाठी माझ्या भावानं माडीवरची खोली रिकामी केलीय, नवी खाट आणलीय, मी दिलेला शब्द मोडत नसतो. तुझ्या वडिलांनी त्यांचा पाळला, मी माझा पाळतोय. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. माझ्याकडे बघून तेच गांगरले. तुला ठाऊक नव्हतं? असं त्यांनी विचारलं, आणि माणूस खरोखर ओशाळला, नियाज. त्यांना मी दोष देत नाही. ते व्यापारी, समोर आलेला सौदा केला. राग येतो तो अब्बांचा. फुफींसमोर हे तोंडानं बोलायची लाज वाटली म्हणून बोटांनी बोलले. मला एका शब्दानं विचारलं असतं, की ताहेरा, पोराच्या शिक्षणासाठी करशील का एवढं, तर मी कदाचित हो म्हटलं असतं. पण मला विचारलंच नाही. पेरूच्या टोपलीला कुणी विचारतं का?

एवढं झालं तरी मी गिळलं. म्हटलं, खैर, निदान पोरगा लखनौला शिकेल, साहेब होईल. आणि काल तुझं पत्र वाचताना 'लखनौचं आता मनातून उतरलं' या ओळीवर मी आले. दोनदा वाचली. अब्बांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी यांचा चेहरा पडेल, आता तरी माझ्याकडे बघतील. अब्बा पानाला चुना लावत होते. म्हणाले, बरं झालं, मुंबई जवळ आहे, येत जात राहील पोरगा. आणि मला चहा टाकायला सांगितला. मी टाकला. साखर विसरले, तेवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं.

म्हणून आज हे लिहायला बसले. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू? वाईट वाटावं म्हणूनच लिहितेय. रुमालाखालचं कुणी उघड करत नाही, मी करतेय, काय व्हायचं ते होऊ दे. तुझ्या चार पानांत एवढी एकच बाब राहून गेली होती, ती घाल आणि पुन्हा ठरव. नाही, ठरवूही नकोस. तू लखनौलाच जा. ऊन लागो, खंडेरावाशिवाय करमो न करमो, त्या माडीवर राहा, त्या खाटेवर झोप, आणि बी.कॉम. होऊनच खाली उतर. मी उद्या मालेगावला परत जातेय, मला परत जावंच लागतं, मनातून उतरलं म्हणून मला गाव बदलता येत नाही. मुंबईला गेलास तर कुणाचंच काही बिघडत नाही, अब्बांचं नाही, शेठचं नाही, तुझं तर नाहीच. फक्त मी फुकट गेले, नियाज.

तुझीच,
ताहेरा आपा