नोट्स बंद

२६ ऑक्टोबर १९३८
उचगावचा बाळू येऊन गेला. यंदा मार्चात आमच्या हायस्कुलातून मॅट्रिकला पहिला आला होता. पुण्याच्या कॉलेजात सहामाहीला तीन विषयांत आपटला. परत जायचं नाही म्हणतो. वही मागून घेतली. वर तारीख, खाली कोरं पान. पुन्हा तारीख, पुन्हा कोरं पान. विचारलं, प्रोफेसर बोलतात तेव्हा तू काय करतोस?
"वाट बघतो सर. ते 'लिहून घ्या' म्हणतच न्हाईत."
आधी हसू आलं, मग लाज वाटली. ही खोड लावली कोणी? मीच. अकरा वर्षं इतिहासाच्या नोट्स सांगतोय, स्वल्पविरामासकट. वहीच्या नकला खानापूर-निपाणीपर्यंत फिरतात म्हणून मिशीला पीळ देत होतो.

२७ ऑक्टोबर
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही घास भरवत होतात. आता पोरगं पानावर बसून तोंड उघडून वाट बघतंय, त्यात त्याचा काय दोष?
नोट्स बंद. आजपासून. मॅट्रिकला चार महिने राहिलेत हे माहीत आहे.

७ नोव्हेंबर
शाळा उघडली. मॅट्रिकच्या वर्गात वहीशिवाय गेलो. बत्तीस मुलं, दोन मुली. अर्धा तास कॉलेजातल्यासारखं इंग्रजीतून सलग बोललो, मग म्हटलं, महत्त्वाचं वाटलं ते अर्ध्या पानात आपल्या शब्दांत लिहा. चौतीस टाक हवेत तसेच. कुणीतरी विचारलं, सर, आपले शब्द म्हणजे कुठले?
शेवटी शहापूरच्या मथुरानं तीन ओळी लिहिल्या. विणकराची मुलगी, एरवी तोंडातून शब्द नाही. तीनपैकी दोन ओळी चूक. पण तिच्या होत्या. वर्गात वाचून दाखवल्या.

१४ नोव्हें.
एकाच लढाईवरची दोन पुस्तकं दिली. एक साहेबाचं, एक आपल्याकडचं. दोन्हींत कारणं वेगळी. पोरं हवालदिल. "परीक्षेत यातलं कुठलं लिहायचं?" म्हटलं, तुम्हाला पटेल ते, का पटलं त्यासकट. एकाला रडू फुटायचंच बाकी होतं.
मलाही रडू आलं असतं. नोट्स सांगणं फार सोपं होतं. तास संपला की घसा दुखायचा, डोकं नाही.

२१ नोव्हें.
मथुराचे वडील घरी आले. माग बंद ठेवून आले होते. चहा घेतला नाही.
"मास्तर, पोरगी म्हंत्या, तुमी काय सांगतच न्हाईसा. निस्तं इचारतासा."
मी कॉलेजचं, बाळूचं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, हिच्या वाटच्या सुताच्या कांड्या आता हिची आई भरते, स्वतःचं काम उरकून, आणि वर्षभर ती कमरेनं वाकलेली आहे. पोरगी मॅट्रिकच झाली नाही तर कॉलेज घेऊन काय करायचं?
पास होईल म्हणालो. कशावरनं, असं त्यांनी विचारलं. 

२८ नोव्हें.
हेडमास्तरांनी बोलावलं. पालकांच्या पाच चिठ्ठ्या टेबलावर. म्हणाले, मॅट्रिकचा निकाल हे शाळेचं नाक आहे, कॉलेजची काळजी कॉलेज करील. मी म्हटलं, आपण पोरांना वेशीपर्यंत हात धरून नेतो आणि तिथून आपणच पळ काढतो. त्यांना लागलं. वाईट माणूस नाही, पण कमिटीला भितो.
"आठवडाभर विचार करा," म्हणाले.
"केलाय," म्हटलं.
 

५ डिसेंबर
मॅट्रिकचा इतिहास काढून घेतला. मला इंग्रजी तिसरीचा भूगोल. इतिहास कुलकर्ण्यांकडे, कालचं पोर. वही मागायला हे.मा.नी शिपाई पाठवला. दिली नाही. तर काय, नक्कल कुणाकडेही मिळते! दुपारी पलीकडच्या वर्गातून माझीच वाक्यं ऐकू आली. संथ. लिहून घ्या, पूर्णविराम. इकडे मी तिसरीला नद्या सांगत होतो आणि कान भिंतीला. असा संताप बऱ्याच वर्षांत आला नव्हता.
शाळा सुटताना मॅट्रिकच्या पोरांना फाटकात सांगितलं, रविवारी सकाळी माझ्या घरी. ज्याला यायचं त्यानं यावं. नोट्स मिळणार नाहीत.

११ डिसें., रवि.
सात आले. मथुरा आली. बाळूही उचगावहून सायकल हाणत आला. मागे बसला, पाऊण तास माझं ऐकलं आणि अर्धं पान लिहून दाखवलं. चांगलं होतं. टर्म सुरू होऊन महिना झाला, घेतील की नाही कोण जाणे, पण जाऊन बघतो म्हणाला.
सौ.नं सगळ्यांना पोहे केले. हे.मा.ना कळेलच. कळू दे.

१९ डिसें.
वर्गात भडका. कुलकर्णी सांगत होते: वसईचा तह झाला म्हणून होळकर पुण्यावर चालून आले. मथुरा उभी राहिली.
"सर, पुण्याची लढाई दिवाळीत झाली. तह डिसेंबर सरताना. मग तहामुळं लढाई कशी झाली?"
कुलकर्णी म्हणाले, हे कुणी लिहिलंय माहीत आहे का? ती म्हणाली, कुणी का लिहीना. वर्ग हसला, तिला बाहेर काढलं. हे.मा.चा हुकूम: नोट्स बरोबर आहेत, मी उद्धटपणा केला, असं लेखी दे, नाहीतर मॅट्रिकचा फॉर्म जाणार नाही.
घरी येऊन वही काढली. माझं अक्षर, माझी शाई. पोरगी बरोबर आहे. दोन्ही तारखा एकाच पानावर आहेत, खालीवर. अकरा वर्षं सांगितलं, शेकडो पोरांनी उतरवलं, परीक्षकांनी गुण दिले, आणि एकानंही मान वर केली नाही. मीसुद्धा नाही.

२० डिसें.
हे.मा. स्वतः घरी आले. तोडगा असा: मी मथुराला समजवायचं, रविवार बंद करायचे, जूनपासून नोट्स सुरू करायच्या. इतिहास परत मिळेल. शनिवारी कमिटी.
पाठोपाठ मथुरा, वडिलांना घेऊन. वडील म्हणत होते, दे बाई लिहून, दोन ओळींनी काय झिजतीस? ती त्यांच्याकडे न बघता माझ्याशी बोलली.
"उद्धटपणाची माफी मागतो सर. पण तह आधी झाला असं लिहून देणार न्हाई."
मी समजवायला हवं होतं. तिचा फॉर्म आहे, आईची कंबर आहे. उलट अभिमान वाटला, हे खरं तर लिहायलाही नको.

२२ डिसें.
कमिटीला पत्र दिलं. वाक्य माझं, चूक माझी, अकरा वर्षांची. मुलीचं म्हणणं बरोबर. शिक्षा द्यायची तर मला. कुलकर्ण्यांना विचारून तेच मॅट्रिकच्या वर्गात वाचलं. त्यांनी फळ्यावरचं वाक्य स्वतः पुसलं. पोराला कमी लेखत होतो.
सौ. म्हणाली, अकरा वर्षांचं नाव एका कागदात घालवलंत. मग म्हणाली, माझ्या भावाला लिहून ठेवू का, कुठे जागा असली तर? म्हटलं, लिहून ठेव.

२४ डिसें., शनि.
कमिटी झाली. तीन तास. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. हे.मा. मागच्या दारानं गेले.

२५ डिसें., रवि.
सोळा जण. ओसरी पुरेना. मथुरानं माझ्या नोट्सची नक्कल आणली होती, आणखी चार ठिकाणी खुणा केलेली. तीन मी मान्य केल्या. चौथीवर अडून बसलो, तीही बसली. तासभर वाद. पोरं दोन्हीकडून पुस्तकं काढून देत होती. कोणाचं खरं, ते आज ठरलं नाही.
तिचे वडील पायरीवर बसून सगळं ऐकत होते. उठताना विचारलं, "मास्तर, हिचं बरोबर निघालं तर तुमी काय करणार?"
"चूक माझी, असं पुन्हा लिहीन."
"आन तुमचं निघालं तर?"
"तर मी लिहीन," मथुरा म्हणाली.
 पुढच्या रविवारी किती वाजता आणायची, एवढंच वडिलांनी विचारलं.
फॉर्मांचं पुडकं मंगळवारी जातं. तिचा त्यात आहे की नाही, अजून कळलेलं नाही.