बायकोचा केमिस्ट्रीचा क्लास मी चालवतो

सोमवार, ३ फेब्रुवारी
काल हिच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही, नाहीतर आवाज जाईल. घाबरली आहे. मीही, पण दाखवत नाही.
पाटीवर लिहिलं, ‘क्लासला सुट्टी.’ मी म्हटलं, अजिबात नाही! दहावीची परीक्षा तोंडावर आलीय. पोरं कोपऱ्यावरच्या क्लासला पळाली तर? मी शिकवतो. आयुष्यभर लोकांना विमा समजावला, रासायनिक अभिक्रिया किस झाड की पत्ती!
तिने डोळे मिटले. बहुधा समाधानाने.

मंगळवार
जोरदार सुरुवात. दोन पदार्थ एकत्र आले, लग्न : संयोग. एकाचे दोन झाले, घटस्फोट : अपघटन. तिसऱ्याने येऊन एकाला हाकललं : विस्थापन. पोरं पोट धरून हसली. उपजत शिक्षक आहे मी.
संध्याकाळी एका आईचा फोन. दुहेरी विस्थापन म्हणजे दोन जोडप्यांची अदलाबदल, असं सरांनी खरंच सांगितलं का? म्हटलं, तत्त्वतः हो. फोन कट. नेटवर्क भिकार.

बुधवार
आज प्रॅक्टिकल. चुनकळीत पाणी ओतलं की उष्णता बाहेर पडते. पोरांना लांब उभं केलं होतं, त्यामुळे बादलीशिवाय कुणालाही इजा नाही. बादली प्लॅस्टिकची होती, हे आधी लक्षात यायला हवं होतं. कुणाच्या तरी.
ही बिछान्यातून उठून बघून गेली. काही बोलली नाही. बोलता येत नाही, हे या आजारातलं एकमेव सुख.

गुरुवार
समीकरण संतुलित करताना उजवीकडे ऑक्सिजन वाढवला की डावीकडे हायड्रोजन कमी पडे. तासभर झटलो. शेवटी म्हटलं, निसर्गात सगळंच कुठे संतुलित असतं?
आज मुलं निम्मीच. फ्लूची साथ असावी.

शुक्रवार
एकच पोरगा आला. मी फळ्याकडे वळलो तेवढ्यात तोही गायब! चपला मात्र दारात.
शोधत आत गेलो. बेडरूममध्ये सगळी बॅच जमिनीवर दाटीवाटीने बसलेली. मागच्या दाराने येतात म्हणे, कालपासून. ही उशीला टेकून पाटीवर लिहीत होती, पोरं उतरवून घेत होती. चिडीचूप. कालचं समीकरण तिने दोन आकडे घालून सोडवलं.
रागावणार होतो. पण कपाटाजवळ थोडी जागा होती. बसलो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. आवाज आला! घोगरा, पण तिचाच.
म्हणाली, “तुम्ही होतात म्हणून क्लास बंद पडला नाही.”
डोळे भरून आले. म्हटलं, अगं, त्यात काय, पुढच्या वर्षी निम्मे तास मीच…
म्हणाली, “नको.”
डॉक्टरांनी कमी बोलायलाच सांगितलंय.