खांद्यावरची चार बोटं

केडगाव, मंगळवार, संध्याकाळ

काल कोयत्याने मारलेल्या संतोषचा थोरला भाऊ श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आला. दुसरा फोटो नव्हता, म्हणून मी संतोषच्या वाढदिवसाला केलेल्या फ्लेक्सची फाईल उघडली. फोटोत त्याच्या खांद्यावर मित्राचा हात होता. भावाने टेबलावर मूठ आपटली.

"ह्यो हात आदी काढा. ह्यानंच कोयता घातलाय."

मित्राला क्रॉप केलं, तरी खांद्यावर चार बोटं उरलीच. स्क्रीनवर एकेक बोट कापलं. मी का हो म्हणालो? कापलेल्या जागी शर्टाचा रंग भरला.

फ्लेक्स मोठा छापून आला, तेव्हा बोटांनी दाबलेल्या चुण्या स्पष्ट दिसल्या. भावाने त्यांवरून तळहात फिरवला.

"मारतानाबी हितंच धरलं हुतं त्यानं," तो म्हणाला.