मागील दारचा भोपळा

चिरंजीव शालकमहाशयांस,

तुमच्या ज्येष्ठ मेव्हण्याचे अंतःकरणपूर्वक आशीर्वाद. ईश्वर तुम्हांस आरोग्य, सद्बुद्धी आणि सज्जन शेजारी देवो. यांतील तिसरी गोष्ट त्याने मला दिलेली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी प्रकृती उत्तम आहे. अशक्तपणासाठी डॉक्टरांनी एक टॉनिक लिहून दिले. परंतु ते बाटलीत भरतो कोण, तर आमच्या शेजारचा कंपाउंडर! जो मनुष्य दरवर्षी जिल्हा प्रदर्शनातील भोपळ्याचे पहिले पारितोषिक माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेतो, त्याच्या हातचे काळेकुट्ट द्रव्य मुकाट्याने प्राशन करण्याइतका मी अजून भोळा झालेलो नाही. सायंप्रार्थनेनंतर तुमच्या भगिनीसमक्ष मी ते पेल्यात ओततो आणि तिची पाठ वळताच डोळे मिटून, देवाचे नाव घेऊन, खोलीच्या मागच्या खिडकीतून ते हलाहल विसर्जित करतो. (ही गोष्ट आपणां दोघांतच राहावी.)

आता प्रदर्शनाचा वृत्तान्त. यंदा मी संकल्पपूर्वक भोपळा वाढविला होता. पुढच्या अंगणात त्याच्यासमोर बसून रोज प्रातःकाळी स्तोत्रपाठ करीत असे. आणि कंपाउंडर कुंपणापलीकडून डोकावला की पाठ मनातल्या मनात म्हणत असे, कारण त्याच्या भोपळ्यास फुकटचे श्रवण कशाला घडवा? प्रदर्शनाच्या दिवशी मी, तुमची भगिनी, चिरंजीव आणि सूनबाई असे सर्व गाडीत बसलो. भोपळा माझ्या मांडीवर होता. (सूनबाईंनी त्यास पट्टा बांधण्याची सूचना हसत हसत केली. त्या हास्याचा अर्थ मला नंतर कळला.) गाडीच्या डिकीत मात्र गोधडीत गुंडाळलेले काहीतरी वाटोळे दिसले. विचारता तुमची भगिनी म्हणाली, "बसायला अंथरूण घेतलंय हो." अंथरूण वाटोळे कसे, हा प्रश्न मी गिळला, पण पचला नाही.

मंडपात नोंदणी झाल्यावर प्रत्येक भोपळ्यास केवळ क्रमांक मिळतो, नावाची चिठ्ठी निकालापर्यंत बंद राहते. अशा व्यवस्थेत अदलाबदलीस किती वाव आहे, हे कोणाच्याच ध्यानी येत नव्हते. मी स्टूल मागून भोपळ्यापाशी ठाण मांडले व त्यावर माझी शाल पांघरली. पाळणे फिरत होते, मेंढ्या ओरडत होत्या, सूनबाई बर्फाचा गोळा चोखत होत्या. मी जागचा हललो नाही. "भोपळा आहे तो, राजपुत्र नव्हे. दोन घास खाऊन घ्या," असे तुमची भगिनी वारंवार सांगत होती. मला तेथून उठविण्याची तिला एवढी घाई का असावी? इतक्यात कंपाउंडर आला व अत्यंत गोड स्वरात म्हणाला, "काका, फार वाळलात हो! औषध घेताय ना नियमित?" ज्याने विष दिले, त्यानेच गुण आला का म्हणून चौकशी करावी, यापरते धारिष्ट कोणते?

वजनाची वेळ आली. काटा गुरांचाच, जमिनीलगतचा मोठा फळीचा. त्यावर माझे श्रम ठेवण्यापूर्वी काट्याची परीक्षा व्हावी, असा मी आग्रह धरला. आणि ज्याचे वजन मला निश्चित ठाऊक आहे अशी एकच वस्तू तेथे होती, ती म्हणजे मी. मी चढलो. काट्याने माझे वजन गतवर्षीपेक्षा इतके कमी दाखविले की फसवणूक उघडी पडली. मी तसे मंडपात मोठ्याने जाहीर केले. परीक्षक कपाळाला हात लावून म्हणाले, "आजोबा, काटा सकाळीच तपासलाय. उतरा आता, मागे बैल ताटकळलाय." मंडप हसला. तुमच्या भगिनीने एकवार काट्याकडे, एकवार माझ्याकडे पाहून तोंडावर हात धरला. हसू आवरीत असावी.

पुढचे ऐका. थोड्याच वेळात मी तिला मेंढ्यांच्या कुंपणाआड कंपाउंडराशी कुजबुजताना पाहिले! त्याने मान हलविली, खिशातल्या कागदावर काही खरडले आणि तिने तो कागद पर्समध्ये दडविला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझा कोणता कागद इतका जपून ठेवला, हे मला आठवेना.

निकाल असा: माझा भोपळा तिसरा, कंपाउंडराचा दुसरा. आणि पहिल्याची चिठ्ठी उघडली, तर त्यावर तुमच्या भगिनीचे नाव! गोधडीतले अंथरूण ते हेच. वेल म्हणे मागील दारी, धुण्याच्या दोऱ्यांखाली, वाळत घातलेल्या चादरींआड वाढला. मी तिकडे कधी जात नाही, हे तिला पक्के ठाऊक. चिरंजीव आणि सूनबाई टाळ्या पिटत होते, म्हणजे कटात सर्वच सामील. परतताना मी तिला एकच विचारले, "खत कोणते घातलेस?" ती म्हणाली, "तुम्हीच दिलंत ते." आधी हसली आणि मग घरापर्यंत माझे मनगट धरून बसली. या पकडीचा अर्थ लावण्यास माझे सारे अध्ययन अपुरे पडले.

इति शुभं भवतु.
तुमचे मेव्हणे

ता. क. – वस्तुतः पत्र लिहिण्याचे कारण हे की, ते खत कोणते, हे तुम्ही तिला आपणहून विचारल्यासारखे दाखवून विचारावे व मला गुप्तपणे कळवावे. सांप्रत विश्वास ठेवावा असे या भूतलावर तुम्हीच उरला आहात.

ता. क. दुसरा – कंपाउंडराकडून कालच दुप्पट मोठी बाटली आली आहे. मी सावध आहे.

बाळ, हे मी लिहितेय, ताई. पत्र कुणी फोडू नये म्हणून ह्यांनी इतका डिंक लावला की पाकीट टेबलालाच चिकटलं. सोडवताना फाटलं, म्हणून वाचलं. वेलाच्या पानांवर काळे डाग पडायचे, मुंग्या लागायच्या. मला वाटायचं कीड. काट्यावरचा आकडा पाहिला आणि कळलं, औषध खिडकीतून वेलावर जात होतं. काटा खोटा नव्हता रे. ह्यांच्या अंगाला लागायचं ते सगळं माझ्या भोपळ्याला लागलं. कंपाउंडरभाऊंना तिथेच विचारलं, तर कागदावर लिहून देत म्हणाले, वहिनी, आता दुप्पट द्या, पण पोटात जाऊ दे.

तुला गुपित विचारलंय ना? मग लिही ह्यांना, की वेल लावणाऱ्याने त्याच बाटलीतले दोन चमचे दिवेलागणीला स्वतः घ्यायचे, तरच वेल धरतो. ताई तेच करत होती. आणि हे माझ्याकडून काढून घेताना तुला फार त्रास पडला, असंही लिही. सहज कळलेलं ह्यांना खरं वाटत नाही.